माझा मोबाइल, माझा मुलूख

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी लिहिणार. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही, असं सौ. दैवशालाला बजावून सांगितलं. काय लिहिताय एवढंसुद्धा तिने विचारलं नाही. विश्वास आहे तिचा.

निमित्त असं की आमच्या मानवतच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, बातम्या फुटायला लागल्यात. आमचा टेम्पो रोज खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या घरून कापूस घेतो. आज कोणती गावं करायची हे शेठ सकाळी आठला मला फोनवर सांगतात, मी ते ऑफिसातल्या फळ्यावर लिहितो, आणि हमाल जमले की साडेदहाला टेम्पो निघतो. गेले बारा दिवस आमचा टेम्पो गावात शिरतो तेव्हा पाथरीच्या एका जिनिंगचा टेम्पो कापूस भरून बाहेर पडत असतो. ड्रायव्हरला आता हात करून जातात म्हणे.

आतला माणूस फितूर आहे. त्याला मी शोधणार. मी इथला ऑफिस सुपरिंटेंडेंट, नोकरीला सव्वीस वर्षं, गेटपासून गोडाऊनपर्यंत एकोणीस किल्ल्या माझ्या कमरेला. मी नाही तर कोण?

संकल्प: फितूर पकडणे. तंबाखू बंद. राग आवरणे.

त्याच दिवशी, सकाळी ९.००

फळा लिहिला. आजची गावं: केकरजवळा, ताडबोरगाव. माझं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. खडूने असं अक्षर आता जिल्ह्यात कुणाचं राहिलं नाही. नेहमीप्रमाणे खुर्चीत बसून सेल्फी काढला आणि 'सोयरे मंडळी' ग्रुपवर सुप्रभात टाकलं. दिवाळीपासून हा नेम चुकवलेला नाही. ग्रुपवर माझे साडू अमृतराव आहेत. तेही जिनिंगमध्येच, पाथरीला, खरेदी बघतात. माझ्याएवढं टेबल त्यांना नाही. त्यांनी पहिल्यांदा सौ.च्या बहिणीच्या लग्नात मला 'कारकून' म्हटलं होतं. आता रोज सकाळी बघा म्हणावं कारकुनाचं टेबल.

अमृतरावांचा अंगठा दोन मिनिटांत आला. जळतात, पण दाखवत नाहीत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. रात्री जेवणानंतर

आज मीटिंग. बोलावणाऱ्या अर्पिता मॅडम. शेठांच्या सूनबाई, पुण्यात कंपनीत होत्या, दोन वर्षांपासून इथला कारभार बघतात. संभाजीनगरहून दोन जण लॅपटॉप घेऊन आले होते. एमडीएम म्हणून काहीतरी आहे. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये दोन कप्पे करणार, एक कामाचा आणि एक घरचा. कामाचा कप्पा कंपनीच्या ताब्यात. फोन हरवला तर तेवढा कप्पा लांबूनच पुसून टाकता येतो. कंपाउंडात शिरलं की कॅमेरा आपोआप बंद. घरच्या कप्प्यात कंपनीला काहीही दिसत नाही म्हणे. ज्याला हे नको त्याने फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो. म्हटलं, फोन माझ्या पैशाचा, रिचार्ज माझा, फुटलेली काच माझी, मग कप्पे कंपनीचे कसे? निजामाच्या अमलातसुद्धा कुणी माणसाच्या खिशात कप्पा केला नव्हता. मॅडम म्हणाल्या, विचार करायला महिन्याअखेरपर्यंत वेळ घ्या. वजनकाट्यावरचा भुजंग गालात हसला. चोराच्या मनात चांदणं. नाव लिहून ठेवलं.

शेवटी मुद्द्याचं सांगितलं. एक डिसेंबरपासून गेटपास कागदावर नाही, कंपनीच्या फोनवर. गाडीचा फोटो, माणसाचं नाव, मग मंजुरी, मगच आत. हा फोन ज्याच्याकडे तो गेट इनचार्ज, आणि किल्ल्याही त्याच्याकडेच. हे सांगताना मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत माझ्या परवानगीशिवाय या गेटातून बैलगाडी आत गेलेली नाही, हे त्यांनाही माहीत असणार. नेमणूक नक्की समजायला हरकत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

साडूंचा फोन. त्यांचं म्हणणं, सेल्फीत तुमचा भांग उलट्या बाजूला दिसतो, अक्षरंही उलटी येतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सरळ करून घ्या. कसं करायचं तेही त्यांनीच सांगितलं, पंधरा मिनिटं खर्च करून. माणूस इतका वाईट नाही. माझ्या भांगाची एवढी काळजी बायकोलासुद्धा नाही.

तंबाखू: फक्त दोनदा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

भांग सरळ आला. फळाही सुबक दिसतो. अमृतरावांनी लिहिलं, 'वा दाजी, काय अक्षर. वाचून डोळे निवले.' वर दोन अंगठे. सौ.ला दाखवलं. तिने भाकरी उलटली.

दुपारी टेम्पो रिकामा परत आला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कंपनी माझ्या फोनवर पाळत ठेवण्याआधी माझा बंदोबस्त मीच केला. हॅकर लोक मागच्या कॅमेऱ्यातून बघतात असं वाचलं होतं. सौ.ची एक मोठी टिकली मागच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. मरून रंगाची. पॅटर्न लॉकही बदललं. आधी इंग्रजी 'बी' होतं, बन्सीधरमधलं. आता उलटं 'बी'. कुणाच्या बापाला सापडायचं नाही.

ऑफिस झाडणाऱ्या कासाबाईने विचारलं, फोनला नजर लागली का म्हणून टिकली लावली? अडाणी बाई. तिला सायबर सुरक्षा काय कळणार. चहा देऊन गेली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज संभाजीनगरच्या पोरांनी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये कप्पे करून दिले. रांग लागली होती. भुजंगने केलं, हमालांनी केलं, ड्रायव्हरने केलं. मेंढरांसारखे एकामागे एक. कासाबाईसुद्धा रांगेत. तिची नात भक्ती परभणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, तिने आजीला सगळं समजावून दिलंय म्हणे. पिन कसा ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही, आलेला ओटीपी देवालासुद्धा द्यायचा नाही. मला ऐकवत होती.

मी लॉकरमध्ये फोन ठेवायलाही नकार दिला. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, ती मी शेवटच्या मिनिटापर्यंत वापरणार. गेटवर मी एकटा फोन घेऊन आत जातो. सगळे बघतात. कौतुकाने बघतात, बोलायची हिंमत नाही एवढंच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गेटच्या फोनची चाचणी. मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. हाच तो क्षण. अंगठा लावला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. केला. परत तेच. सात वेळा. मॅडमनी माझा अंगठा उलटून पाहिला. चुना आणि तंबाखू मळून मळून रेषाच गेल्यात. मी म्हटलं, दोष मशीनचा आहे. भुजंगचा अंगठा पहिल्या झटक्यात चालला म्हणून काय झालं?

मॅडमनी तोडगा काढला. अंगठा नको, सहा आकडी पिन ठेवा. ठेवला. वहीत लिहिणार होतो, पण वही खाजगी, गेटवर चारचौघांत उघडता येत नाही. म्हणून पिन फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवला. एवढ्या बारीक की दुसऱ्या कुणाचं लक्ष जाणार नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अमृतरावांनी ग्रुपवर विचारलं, कोपऱ्यातला नंबर कशाचा? नजर मात्र घारीची आहे साडूंची. मी लिहिलं, ऑफिस सिक्रेट. हसरे चेहरे आले चार.

दुपारी फळ्याकडे पाहतो तर पिन गायब. कासाबाईने पुसला. विचारलं तर म्हणाली, भक्तीनं सांगितलंय, असला नंबर दिसंल तिथं पुसून टाकायचा. ऑफिस रेकॉर्ड नष्ट करणे हा गुन्हा आहे अशी मी तिला समज दिली. पिन आठवेना. चार वेळा चुकीचा टाकला, पाचव्यांदा फोनच कुलूपबंद झाला. मॅडमना लांबून उघडावा लागला. पुसलं कुणी, बोलणी कुणाला.

संशयितांच्या यादीत कासाबाईचं नाव दोन नंबरला घातलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज डोकं चाललं. मॅडमना योजना सांगितली. उद्या फळ्यावर खोटं गाव लिहायचं. सोनपेठच्या पलीकडचं थडी पिंपळदरी. गोदाकाठ, सगळा ऊस, कापसाचं एक बोंड सापडायचं नाही. खरं गाव मॅडमनी फक्त ड्रायव्हरला फोनवर सांगायचं, मलाही नाही. पाथरीवाल्यांचा टेम्पो उसात जाऊन उभा राहिला की सिद्ध झालं, बातमी फळ्यावरूनच फुटते, आणि फळा रोज बघणारे दोघंच, भुजंग आणि कासाबाई.

मॅडम म्हणाल्या, रोज बघणारे तिघं आहेत. मी विचारलं, तिसरा कोण? त्यांनी फक्त योजना मान्य केली. बाई हुशार आहे, चांगली कल्पना दुसऱ्याची असली तरी घेते.

फितूर पकडला की कप्प्यांची गरजच उरणार नाही. एमडीएम रद्द. माझा मोबाइल, माझा मुलूख.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. सकाळी ८.५०

सापळा लावला. 'आजची गावं: थडी पिंपळदरी'. इतकं सुंदर अक्षर आजवर आलं नव्हतं, खोटं असल्यामुळे हात मोकळा होता. मनात आनंद मावेना. सुप्रभात टाकताना मुद्दाम फळ्याजवळ उभं राहून सेल्फी काढला. पुढे इतिहासात लागेल.

त्याच दिवशी, दुपारी १.३०

लागला सापळा. पाथरीचा टेम्पो दहा वाजता थडी पिंपळदरीत. गावकऱ्यांनी विचारलं म्हणे, ऊस भरून न्यायचा का? आमच्या ड्रायव्हरने आज दुसऱ्याच गावातून टेम्पो दाबून भरून आणला, बावीस दिवसांत पहिल्यांदा. शेठ खूश. मी खूश.

एक अडचण. भुजंग आज आलाच नव्हता, आईच्या मोतीबिंदूसाठी परभणीला. कासाबाई भाचीच्या लग्नाला दोन दिवसांपासून पाथरीत. म्हणजे फळा दोघांनीही पाहिलेला नाही. यावरून दोघं किती पोचलेले आहेत हे लक्षात येतं. गैरहजर राहून पुरावाच ठेवला नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. काल साडेआठ ते दहा ऑफिसात कोण होतं? मी. दुसरं कोण? कुणी नाही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, तुमचा फोन बघू देता का?

मी नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. आज फोन, उद्या डबा, परवा डोकं. त्या म्हणाल्या, जबरदस्ती नाही, पण तुमच्याशिवाय सगळ्यांनी कप्पे करून घेतलेत आणि मुदत परवा संपते, मग तुम्ही दोन दिवसांत ठरवा. गेट इनचार्जचं नावही सोमवारीच जाहीर होईल.

रात्री तीन पानी निषेधपत्र लिहिलं. शीर्षक: 'कर्मचाऱ्याच्या खिशाचे स्वातंत्र्य'. सौ.ला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिला झोप लागली, पण पहिलं पान तिला पटलं होतं.

तंबाखू: मोजली नाही. आंदोलनाच्या काळात सूट.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी नऊपासून कंपाउंडातल्या कडुलिंबाखाली धरणं. हातात मोबाइल, गळ्यात निषेधपत्राची झेरॉक्स. वाटलं होतं, दहा-बारा जण तरी बसतील. हमाल आले, नमस्कार केला, 'लय ऊन हाय सायब, सावलीत सरका' म्हणाले आणि कामाला गेले. नैतिक पाठिंबा.

कासाबाई लग्नाहून परत आली होती. पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "सायब, काखेत कळसा अन् गावाला वळसा चाललाय तुमचा." मी किल्ल्या चाचपल्या. एकोणीसच्या एकोणीस जागेवर. बाई काहीही बोलते.

बारा वाजता सौ. डबा घेऊन आली. सकाळी रागात डबा विसरलो होतो. मॅडमनी तिला आत बोलावून चहा दिला. सौ. फार क्वचित जिनिंगला येते, त्यामुळे तिला भारी वाटलं असणार. मी बाहेरून काचेतून बघत होतो. सौ.ने आपला मोबाइल काढला आणि मॅडमला काहीतरी दाखवायला लागली. बोट सरकवत होती. एकेक. मॅडम आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग फोन स्वतःच्या हातात घेऊन दोन बोटांनी मोठं करून बघायला लागल्या.

सौ. बाहेर आली तेव्हा खुशीत होती. म्हणाली, तुमचे सकाळचे फोटो दाखवले त्यांना, दिवाळीपासूनचे सगळे. कसे रुबाबात बसता खुर्चीवर, ते दाखवलं. मॅडमनी एवढं मन लावून बघितले, कुणी बघत नाही तसं.

पावणेतीनला मॅडम कडुलिंबापर्यंत चालत आल्या. ग्रुपमध्ये पाथरीचं कोण आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझे साडू. काय करतात? मी सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज जरा खाली गेला, ऊन लागलं असावं. धरणं चार वाजता मागे घेतलं. प्रकृतीच्या कारणास्तव.

रविवार, ३० नोव्हेंबर. रात्री ११.३०

झोप नाही. सरळ लिहितो. फळ्यावरची अक्षरं फोटोत दिसतात हे खरं आहे. दिवाळीपासून चाललंय, हेही खरं. भांग सरळ करायला पंधरा मिनिटं घालवणारा साडू सतरा वर्षांत पहिल्यांदा पाहिला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

पण म्हणून मी फितूर? फितुराला आपण काय करतोय हे माहीत असतं. मला काहीच माहीत नव्हतं. कायद्याच्या नजरेत मी निर्दोष आहे. उलट मी लावलेल्या सापळ्यातूनच हे बाहेर आलं, त्यामुळे फितूर पकडण्याचं पूर्ण श्रेय माझंच. या मुद्द्यावर ठाम राहायचं.

अमृतरावांना दहा फोन केले. उचलले नाहीत. सौ.ने बहिणीला केला. त्यांना पगारवाढ मिळालीय म्हणे आणि केबिनसुद्धा. सौ. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, मीच दाखवले हो ते फोटो. त्यात तिचा काय दोष, हे मी तिला सांगणार होतो. सांगायचं राहून गेलं.

सोमवार, १ डिसेंबर. रात्री ९.००

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम नव्हत्या, आम्ही दोघंच. मी निषेधपत्राची झेरॉक्स खिशात ठेवूनच गेलो होतो, शेवटपर्यंत लढायच्या तयारीने. सव्वीस वर्षांपूर्वी याच माणसाने मला कामावर घेतलं. तेव्हा दोघांच्याही डोक्यावर केस होते.

शेठ म्हणाले, "बन्सीधर, तू फितूर न्हाईस, मला ठावं हाय. तुला कळलंच न्हाई, याचंच मला लय भ्या वाटायलंय."

मी म्हटलं, शेठ, फोन माझाच राहील ना? त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, फोन तुझाच हाय. किल्ल्या ठेव.

एकोणीस किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कमरेचं कडं रिकामं झालं. या हंगामापुरता घरी आराम कर, पगार निम्मा चालू राहील, असं ठरलं. शेठनी पाठीवर हात ठेवला. मला रडू येत होतं, पण मी तिथे रडलो नाही. गेटाबाहेर येऊन, पानटपरीच्या मागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

सारांश: शेठनी 'फितूर नाहीस' असं स्वतःच्या तोंडाने म्हटलं. म्हणजे क्लीन चिट. आणि फोनमध्ये शेवटपर्यंत कप्पा होऊ दिला नाही. एक डिसेंबरला सबंध जिनिंगमध्ये अखंड फोन असलेला माणूस मी एकटा. लढाई जिंकली असं म्हणायला हरकत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

गेट इनचार्ज म्हणून कासाबाईची नेमणूक झाल्याचं कळलं. चाचणी घेतली म्हणे. पिन बरोबर, फोटो स्वच्छ, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी फोन दुसऱ्याच्या हातात न देणे यात तिला सगळ्यांत जास्त मार्क. किल्ल्याही तिच्याकडे. त्या तिने कमरेला नाही, कुलूप असलेल्या कपाटात ठेवल्यात. तीन दिवस चालेल हे. मग बोलावणं येईल.

गुरुवार, ४ डिसेंबर. सकाळी ९.००

आज घरून सुप्रभात टाकलं. खुर्चीत बसून, मागे भिंत. नवा शर्ट.

रात्री ९.००

अमृतरावांचा अंगठा आला नाही. बाकी कुणाचाही नाही. दिवाळीपासून कुणाला माझं टेबल बघायचं होतं आणि कुणाला फळा, ते आज मोजून कळलं. सौ.ने शेवटी एक नमस्कार टाकला, शेजारच्या खोलीतून.

शनिवार, ६ डिसेंबर

बोलावणं नाही. टेम्पो रोज भरून येतोय अशी बातमी पानटपरीवर मिळाली. त्याचं मूळ कारण माझा सापळा. कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असणार.

पानवाला म्हणाला, साहेब, आता आराम ना? मी म्हटलं, रजेवर आहे. त्याने दोन पुड्या दिल्या. मी एकच मागितली होती.

सोमवार, ८ डिसेंबर. संध्याकाळी ६.००

आज जिनिंगला गेलो. बोलावलं नव्हतं, पण स्टोअरच्या जुन्या नोंदी भुजंगला सापडत नसणार अशी माझी खात्री होती. सकाळी दाढी केली. तंबाखू खाल्ली नाही, खरंच नाही खाल्ली.

गेटवर खुर्चीत कासाबाई. निळा कोट, गळ्यात पट्ट्याला अडकवलेला फोन. मला बघून उठून उभी राहिली. मग माझ्यामागे कापसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला तशी परत खाली बसली, कारण बसल्याशिवाय तिला चष्म्यातून फोन दिसत नाही. मी सवयीने छोट्या दाराकडे गेलो. तिने हात आडवा केला. जोरात नाही, पण केला. पास लागंल म्हणाली.

माझा फोटो काढला. नाव तिने स्वतःच लिहिलं, मला विचारावं लागलं नाही. मग फोनमध्ये चौकट आली. ड्रायव्हर, शेतकरी, मेकॅनिक, अभ्यागत. माझ्यासाठी पाचवी चौकट शोधायला तिने बोट खालीवर सरकवलं. नव्हती. अभ्यागत दाबलं. पुढे विचारलं, कुणाला भेटायचंय म्हणून लिहू? मी म्हटलं, भेटायचं कुणाला, माझीच जिनिंग आहे. ती म्हणाली, नाव टाकल्याबिगर फोन पुढं जाईना. मी म्हटलं शेठ. शेठ परभणीला गेलेत. मॅडम मीटिंगमध्ये, मीटिंगमध्ये असताना त्यांचं नाव चालत नाही. भुजंग काट्यावर, काटा चालू असताना तोही नाही. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला.

कासाबाईने मागच्या ट्रॅक्टरकडे बघितलं. मग फोनवर बोट ठेवत हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव टाकते सायब. मला भेटाय आलात म्हणून."

मंजुरी लगेच आली.

मग लॉकर. नियम सगळ्यांना सारखा, तिने फक्त लॉकरकडे बघितलं, मागितला नाही. मी फोन काढून दिला. कप्पा न केलेला, कुणाला हात न लावू दिलेला. तिने पावतीचा नंबर दिला, आठ. फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

आत गेलो. भुजंगला नोंदी सापडल्या होत्या. बाकावर बसलो. थोड्या वेळाने कासाबाई गेटावर दुसऱ्याला बसवून चहा घेऊन आली, माझी भेट घ्यायला. पासवर तेच लिहिलं होतं ना. आम्ही पाच मिनिटं बोललो. भक्तीचं कसं चाललंय विचारलं. शेवटच्या वर्षाला आहे.

पास अर्ध्या तासाचा होता. मी वीस मिनिटांत उठलो. नोंद असावी, मला कुणी उठवलं नाही. दहा मिनिटं शिल्लक होती.